मदरबोर्डवरचं कुंकू

"आई, हा मदरबोर्ड आहे, देवाचा टाक नाही!" रॅमच्या स्लॉटमधलं कुंकू टूथब्रशने काढता काढता नीरजा कडाडली. घासून घासून हात दुखले, तरी रॅमची पट्टी काही आत बसेना.

"काल दसरा होता ना गं. नव्या यंत्राला नुसतं बोट टेकवलं," आई पुटपुटली.

महिनाभर डोळे फुटेस्तोवर व्हिडिओ बघून नीरजाने हा बोर्ड आणि ही रॅम निवडली होती. दुकानदाराला एका शब्दाने विचारलं नव्हतं. आणि आईच्या एका बोटाने सगळ्यावर पाणी! "यापुढे माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही," असं बजावून ती बोर्ड आणि रॅम घेऊन तडक दुकानात पोचली.

तिची कुंकवाची तक्रार ऐकत दुकानदाराने पट्टी स्लॉटवर धरून पाहिली. "कुंकवाचा काही संबंध नाही, मॅडम. बोर्ड नव्या पिढीचा, रॅम जुन्या पिढीची. ही यात जन्मात बसायची नाही. निवडली कोणी?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"झालं का गं सुरू?" आईचा आवाज अगदी बारीक होता. "करंडा मी वरच्या फळीवर ठेवून दिलाय. पुढच्या दसऱ्याला लांबूनच हात जोडीन."