दोन किल्ल्यांचा पासवर्ड

"खोका इकडे द्या."

प्रभाकरने दिला. मोडेमचा खोका त्याने टिटवाळ्यापासून मांडीवर जपून आणला होता. पण बँकेच्या नौपाडा शाखेच्या दारात उभा असलेला माणूस इतक्या संशयाने बघत होता, की खोका आपोआप पुढे झाला.

"मी हरिहर लेले. सुरक्षा बघतो. ओळखपत्र?"

लेल्यांनी आधी फोटो पाहिला, मग प्रभाकर, मग पुन्हा फोटो.

"फोटोत मिशी आहे."

"काढली, साहेब."

"कुणाला विचारून?"

प्रभाकरने ओठावरून हात फिरवला. इंटरनेट कंपनीतली त्याची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. मागच्याच महिन्यात डोंबिवलीच्या एका पतपेढीचा पासवर्ड त्याने फोनवर ओरडून सांगितला होता, कारण लाइनला खरखर होती. त्या वेळी पतपेढीत त्याच्याभोवती चाळीस माणसं होती. त्यातल्या दोघांनी लिहूनही घेतला. तेव्हापासून ऑफिसात त्याला लाउडस्पीकर म्हणायचे. "आज गुपचूप काम कर," साहेबांनी बजावलं होतं. "बँकवाले म्हणतील तसं. आणखी एक भानगड झाली तर टिटवाळ्यालाच बस."

लेले खोका घेऊन पुढे, प्रभाकर मागे, असे दोघं मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले.

"या, या. सकाळपासून वाट बघतेय," मंदाकिनी ओक म्हणाल्या. त्या शाखेच्या मॅनेजर. कल्याण, डोंबिवली आणि नौपाडा या तीन शाखा आज इंटरनेटने जोडायच्या होत्या. जोडल्या, की एका पासवर्डवर कुठल्याही शाखेतले पैसे कुठल्याही खात्यात टाकता येणार होते. ही सोय ऐकल्यापासून बाईंना झोप नव्हती.

लेल्यांनी खोका टेबलावर ठेवला आणि प्रभाकरला म्हणाले, "उघडा. सावकाश. मला दिसेल असं."

प्रभाकरने उघडला. लेल्यांनी आतला थर्माकोलसुद्धा उलटा करून पाहिला.

"साहेब कडक आहेत," बाई समाधानाने म्हणाल्या.

"हो ना," प्रभाकर म्हणाला.

शिपाई नाथाने चहा आणला. त्याच्याकडे स्टाफला ग्लास आणि मान्यवरांना कपबशी असा नियम होता. लेल्यांना कपबशी मिळाली. बरेच वरचे दिसतात, प्रभाकरला वाटलं.

"बाई, तुमच्या तिजोरीला किल्ल्या किती?" लेल्यांनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे, एक कॅशियरकडे. एकट्याने उघडतच नाही."

"मग पासवर्ड अख्खा एकाकडे का?"

कॉम्प्युटर आल्यापासून प्रथमच कोणीतरी बँकेतल्या माणसाला कळेल असं बोललं होतं.

"अर्धा बँकेने टाकायचा, अर्धा कंपनीने," लेले म्हणाले. "बँकेचा कंपनीला कळता कामा नये, कंपनीचा बँकेला. विश्वास वगैरे नको. एक जण टाकेल तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं. कोणी मान वळवत नाही ना, ते मी बघतो."

आधी प्रभाकर वळला. भिंतीवर टिटवाळ्याच्या गणपतीचं कॅलेंडर होतं. गावचाच देव समोर आल्यावर त्याने हात जोडून ठेवले. मागे बाई एका बोटाने टाइप करत होत्या. एक टक. बराच वेळ काही नाही. मग दुसरी टक. प्रभाकरच्या पोटऱ्या भरून आल्या. नाकाला खाज सुटली. मान वळली तर नोकरी गेली, म्हणून त्याने नाक कॅलेंडरला घासलं.

"देवाला त्रास देऊ नका," लेले म्हणाले. मग घड्याळ बघून त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं.

आता बाई वळल्या. भिंतीकडे तोंड असूनही त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला. प्रभाकरने आपली चार अक्षरं टाकली.

"बाई, मान."

"डास होता हो."

"डासालाही दाखवायचं नाही." लेल्यांनी पुन्हा डायरीत लिहिलं.

मोडेम किंचाळला, घरघरला आणि शांत झाला. पडद्यावर तिन्ही शाखांची नावं आली. प्रभाकरने तासाभराने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

काउंटर सकाळपासून बंद होता. चेंदणी कोळीवाड्याच्या सगुणाबाई पासबुक हातात धरून बाकावर ताटकळल्या होत्या. मोडेमचा आवाज ऐकून त्या थेट केबिनच्या दारात आल्या.

"त्या डब्यान माजं पैसं जातान का रं? लेकीच्या लग्नाचं हायेत."

"मावशी," लेले म्हणाले, "मी स्वतः इथे उभा होतो."

सगुणाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग मान डोलावली आणि बाकावर परत जाऊन बसल्या.

लेल्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, डायरी खिशात घातली आणि छत्री उचलली. "मी बाहेरून एकदा लावून बघतो. लागलं, की काम पक्कं."

"जेवून गेला असतात," बाई म्हणाल्या.

"कामावर असताना मी कुणाकडे जेवत नाही." ते गेले.

"अशी माणसं हवीत," बाई म्हणाल्या.

"खरंय," प्रभाकर म्हणाला. ते मनापासून होतं. आज त्याने एक अक्षर मोठ्याने उच्चारलं नव्हतं. काम झाल्याच्या फॉर्मवर बाईंची सही घेतली, की नोकरी कायम. त्याने सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला. कंपनीतर्फे हजर: प्रभाकर म्हात्रे. बँकेतर्फे हजर: मंदाकिनी ओक, हरिहर लेले. मग पेन पुढे केलं.

बाईंनी सही करायला पेन टेकवलं आणि थांबल्या. चष्मा बदलून त्यांनी पुन्हा वाचलं.

"रकाना चुकलाय हो तुमचा. तुमच्या लेलेसाहेबांचं नाव बँकेत कशाला घातलंत?"