आधी गाडीला विचार

“मला काही धाड भरलेली नाही!” खांबाला धडकलेल्या गाडीशेजारी ताठ उभे राहून काका ओरडले. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. जन्मभर त्यांनी रुग्णवाहिका चालवली होती. जखमी माणूस कसा तपासायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून आज रुग्णवाहिका घेऊन त्यांना न्यायला आल्यावर मी आधी त्यांच्या गाडीत डोकावले. स्टिअरिंग पार वाकलं होतं. “काका, स्ट्रेचरवर झोपा.” “तू कोण सांगणारी?” “‘माणूस खोटं बोलतो, आधी गाडीला विचार,’ असं कोण म्हणायचं? स्टिअरिंग तुमच्या छातीने वाकलंय. आत काय फुटलंय, ते बाहेरून दिसत नाही.” त्यांनी डोळे वटारले. मीही वटारले. शेवटी काका धुसफुसत आडवे झाले. “सायरन लावायचा नाही. लोक हसतील.” “हसू देत,” म्हणत मी ड्रायव्हरला खूण केली. वाटेत छाती धरून काका त्याच्यावर खेकसले, “बैलगाडी हाकतोयस? पळव!”