पाच म्हणेपर्यंत

सकाळपासूनची सातवी शस्त्रक्रिया संपली होती. स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाचा अंमल उतरवायचं इंजेक्शन देऊन भूलतज्ज्ञ डॉक्टर नेवगी टेबलाच्या उशाशी उभ्या होत्या.

"मावशी, ऑपरेशन झालं. आता मान उचला, आणि मी पाच म्हणेपर्यंत खाली टाकू नका."

मावशींची मान उशीवरून उठली, तीन म्हणताना थरथरली आणि पडली.

"श्वास घेतायत की त्या. काढा नळी," सर्जन हातमोजे उतरवत म्हणाले. "बाहेर अजून दोन पेशंट आहेत."

"पाच झाले नाहीत सर. दहा मिनिटं थांबू."

ते पुटपुटत चहाला निघून गेले. नेवगींनी स्टूल ओढलं नाही. एकदा बसलं की उठवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दहा मिनिटांनी मावशींनी पाचपर्यंत मान धरली, तेव्हाच त्यांनी घशातली नळी काढली. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर आडव्या झाल्या.

थोड्या वेळाने सिस्टर फुलमाळी दारात आल्या. "मॅडम, पुढचा पेशंट आत घेऊ का?"

"घ्या," म्हणत नेवगींनी डोळे न उघडताच मान उचलली. सिस्टर सवयीने मनात मोजू लागल्या. एक, दोन. तीनला मान पुन्हा बाकावर टेकली.

सिस्टरांनी दिवा बंद केला आणि दार हळूच ओढून घेतलं. बाहेर सर्जन घड्याळ बघत उभे होते.

"पाच झाले नाहीत सर," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं थांबू."