दुसरी शिट्टी

वडील जाऊन आठवडाही झाला नव्हता, तरी हेडगर्ल प्रार्थनेला पुढे येऊन उभी राहिली. तिनं शिट्टी फुंकली आणि अख्खी शाळा ताठ झाली. दुसरी शिट्टी वाजली की सैल व्हायचं. पण ती वाजेचना. शिट्टी ओठांत, नजर मात्र फाटकावर थिजलेली. रोज बाबा तिला तिथंच सोडायचे. पहिलीतली पोरं डुलायला लागली. मुख्याध्यापिका पीटीच्या सरांच्या कानाशी कुजबुजल्या, “अहो, तुमची गळ्यातली काय शोभेला बांधलीय? फुंका की!” सरांचा हात शिट्टीकडे गेलाही. पण हेडगर्लला त्यांनीच तयार केलं होतं, वर्षभर सगळ्यांना बजावलं होतं: “लीडर अडखळला तरी मागून कुणी शिट्टी फुंकायची नाही. नाहीतर उद्या त्याचं कोण ऐकेल?” सरांनी शिट्टी काढून खिशात टाकली, पहिलीच्या रांगेत शेवटी जाऊन टाचा जुळवल्या आणि तेही ताठ उभे राहिले.