एकादशीचा फराळ

रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दिगंबरबुवा, पोटॅशियम पुन्हा वाढलंय. पथ्य मोडलंत ना?"

"छे हो! भाजीसुद्धा उकळून, पाणी फेकून खातो." बुवा कळवळून म्हणाले. डायलिसिस मागं लागलं, तर कीर्तन कायमचं सुटणार होतं.

"काल काय खाल्लंत?"

"काल एकादशी! उपासच होता. रताळी, बटाटे, केळी आणि शहाळं, एवढंच."

बाईंना हसू आवरेना. "अहो, हे सगळं पोटॅशियमच की! मूत्रपिंडं आहेत तशीच आहेत, आणखी बिघडलेली नाहीत. एकादशीलाही भात आणि दुधीची भाजी जेवा, उतरेल ते."

बुवांचा जीव भांड्यात पडला, पण लगेच ते चपापले. "एकादशीला भात? पांडुरंग काय म्हणेल?"

"काय म्हणायचंय?" शेजारी बसलेली बायको पिशवी उचलत म्हणाली. "त्यानं तुमच्याकडं कीर्तन मागितलंय, रताळी नव्हेत. उठा, देवळात माणसं खोळंबतील."