जिन्यातला राउटर

फोनच्या स्क्रीनवर मुलाचं तोंड अर्धवट उघडलं आणि तिथेच थिजलं.

"गेलं नेट!" आप्पा म्हणाले. "ऐन विनोदाच्या वेळी. आता हसायचं की थांबायचं?"

"थांबा जरा. नेटवाले आलेच आहेत," त्यांची मुलगी म्हणाली.

नेटवाला जिन्यात स्टुलावर उभा होता. सकाळपासून नेट जा-ये करत होतं, म्हणून आप्पांनीच त्याला बोलावलं होतं.

"राउटर इथे कुणी लावला?"

"मी. आयुष्यभर वायरमन होतो. खिळा हलायचा नाही."

"खिळ्याचं नाही हो काका. वायर इथपर्यंतच येते. पुढे हा डबा हवेत लहरी सोडतो आणि फोन त्या पकडतो. मधे भिंत आली की लहरी दमतात. तुम्ही बसता आतल्या खोलीत. तिकडे लावू का?"

"नको. आहे तिथे बरा आहे."

मुलीने कपाळाला हात लावला. नेटवाल्याने समजूतदारपणे मान हलवली. त्याच्या घरीही वडील होते.

वायरीशिवाय काही कुठे जातं, यावर आप्पांचा पूर्वी विश्वासच नव्हता. मग मुलगा परदेशी नोकरीला म्हणून गेला. बापलेकांचं समोरासमोर कधी पटलंच नाही. भाजीत मीठ कमी की जास्त यावरही घरात दोन पक्ष पडायचे. "ही नोकरी तरी टिकव, नाहीतर मला तोंड दाखवू नकोस," हे आप्पांचे निरोपाचे शब्द.

आता ते रोज त्याचं तोंड बघत होते. मुलगा लोकरीची टोपी घालून पांढऱ्या भिंतीपुढे बसायचा आणि तिकडची थंडी सांगायचा. आप्पा गुडघे सांगायचे. वाद पेटायला लागलाच, तर "आवाज तुटतोय" म्हणून फोन ठेवायची सोय होती. ही सोय घरात आधी असती, तर निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं.

"तुमचे फार उपकार आहेत बघा," आप्पा जिन्याखालून म्हणाले. "या डब्यामुळे मला मुलगा मिळाला. तसा जन्मला तेव्हाही मिळाला होता, पण मग तो बोलायला लागला."

नेटवाला हसला. हातातल्या फोनकडे बघून एकदम गंभीर झाला.

"काका, घरात फोन किती?"

"माझा आणि हिचा."

"तिसरा जोडलेला दिसतोय. तोच नेट ओढतोय. कुणीतरी फुकट्या आहे."

मुलगी घाईघाईने मधे पडली. "असेल कुणी शेजारचं. राहू द्या हो बिचाऱ्याला."

"बिचारा? ताई, उद्या तो तुमच्या नेटवरून कुणाला गंडा घालेल आणि पोलीस तुमचं दार वाजवतील. पासवर्ड तरी काय ठेवलाय, एक ते आठ आकडे! म्हणजे कुलूप लावून किल्ली तिथेच लटकवलीत. बदलून टाकतो."

"आत्ता नको. नंतर बघू आम्ही."

"बदला," आप्पा म्हणाले.

"आप्पा, अहो..."

"बदला म्हणतो ना. भलतंसलतं काही झालं आणि नेटच बंद पडलं, तर मी पोराशी बोलू कसा? समोरासमोर? ते आम्हाला जमत नाही."

मुलगी पदराशी चाळा करत उभी राहिली. नेटवाल्याने पासवर्ड बदलला, स्टुलावरून उतरला आणि तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, नवा पासवर्ड नीट लक्षात ठेवा. बाहेर कुणाला कळता कामा नये."

"अहो, कुजबुजता काय?" आप्पा म्हणाले. "जिन्यात उभे राहून खणखणीत सांगा. वर माळ्यावर पोराला ऐकू गेलं पाहिजे."