काशीला सोडलेले वाल

धाकट्या भावाने, दाजीने, गिरजाबाईला काशी दाखवली. गंगेत बुडी झाली, विश्वनाथ झाला, दुसऱ्या दिवशी सारनाथही झालं. बहिणीला हाताला धरून घाटाच्या पायऱ्या उतरवणारा असा भाऊ अख्ख्या रोहा तालुक्यात नाही, असं बरोबरच्या बायका म्हणाल्या, तेव्हा तिला भरून आलं.

घाटावर भटजींनी सांगितलं, काशीला आलं की आवडीचा एक जिन्नस जन्मभरासाठी सोडायचा. देवाशी खोटं कसं बोलायचं? गिरजाबाईने कडवे वाल सोडले. बापाच्या शेतातले वाल दरवर्षी माहेराहून पायलीभर यायचे आणि बिरड्याचा पहिला घास घेताना तिला बापच आठवायचा. दाजीने कारलं सोडलं.

"आरं, तू कारलं कधी खाल्लंस?" तिने विचारलं.

"म्हनून तर सोडलं," दाजी म्हणाला. दोघं पोटभर हसली.

रोह्याला उतरल्यावर रिक्षा गावाकडे न वळता रजिस्ट्रार ऑफिसपाशी थांबली. दाजीने पिशवीतून कागद काढला. बापाच्या शेतावरचं हक्कसोडपत्र होतं, तिच्या नावानिशी टाइप केलेलं. स्टॅम्पपेपर काशीला निघण्याच्या आठवडाभर आधी घेतलेला होता.

दाजीने तिचा हात धरला, घाटावर धरला होता तितक्याच मायेने, आणि अंगठा शाईवर टेकवला.

"वाल तर तू सोडलेसच गो ताय," तो म्हणाला, "आता शेत ठेवून काय करनार?"